व्हिटॅमिन डी, एचएल-६० आणि ‘किती पट’ची भानगड: प्रकल्प नोंदी, सोलापूर

६ जानेवारी

विषय पक्का झाला. व्हिटॅमिन डीच्या सक्रिय रूपामुळे ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी विभेदित होतात (कच्च्या असतात त्या पूर्ण वाढतात), तेव्हा कोणत्या जनुकांची अभिव्यक्ती (कामाचा जोर) वाढते आणि कोणत्यांची घटते. मी बावीस जनुकांची यादी करून नेली होती. मार्गदर्शक मॅडमनी पेन काढलं, सतरा खोडली. "पाच घे. पण नीट घे."

पार्श्वभूमी अहवालात घालायचीच आहे, म्हणून इथे कच्ची लिहून ठेवते. या कर्करोगात रक्तपेशी मोठ्याच होत नाहीत. अस्थिमज्जेत अर्धवट वयात अडकतात आणि तिथेच विभागत बसतात. केमोथेरपी त्यांना मारते. विभेदनाचा विचार निराळा: मारायचं नाही, वाढीला लावायचं. पूर्ण वाढलेली पेशी विभागणं सोडते आणि काही दिवसांनी आपल्या मरणाने मरते. १९८१ साली जपानमध्ये सुदा यांच्या गटाने उंदराच्या ल्युकेमिया पेशींवर कॅल्सिट्रिऑल, म्हणजे व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप, टाकलं आणि त्या पेशी मॅक्रोफेजसारख्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींसारख्या, वागू लागल्या. तोवर हे हाडांचं आणि कॅल्शियमचं व्हिटॅमिन. रक्ताशी त्याचा संबंध असेल, असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं.

आमच्या पेशी एचएल-६०. अमेरिकेत ३६ वर्षांच्या एका स्त्री रुग्णाच्या रक्तातून वाढवलेल्या, १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या. ती कोण, हे कुठल्या पेपरात नाही. तिच्या पेशींना मी आता दोन दिवसांआड खायला घालणार आहे.

१४ जानेवारी

काम शून्य. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी, नंदीध्वजांची मिरवणूक, रस्ते बंद. लॅबचे मामा तर रजा टाकून सकाळपासून मिरवणुकीतच. दोन पेपर वाचायला घेतले, एकही संपला नाही.

२७ जानेवारी

पेशी आल्या. पुण्याला एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) फ्लास्क घेतला आणि संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने परत. फ्लास्क गळ्यापर्यंत माध्यमाने (पेशींच्या खाद्याच्या द्रवाने) भरलेला, झाकणाला पॅराफिल्म, बाहेरून टॉवेल गुंडाळलेला (सोलापूरचाच). तो मांडीवर. शेजारच्या काकूंनी दौंडच्या पुढे न राहवून विचारलंच, "त्यात काय लोणचं आहे का गं?" मी "औषध" म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी जागा बदलली असती.

रात्री सव्वादहाला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गोल, चकचकीत, तरंगणाऱ्या पेशी, काही ठिकाणी द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या. जिवंत आहेत.

५ फेब्रुवारी

मोजणी. ट्रायपॅन ब्लू टाकलं की मेलेली पेशी निळी होते, जिवंत कोरी राहते. जिवंत ९४ टक्के. पेशी साधारण दीड दिवसात दुप्पट होताहेत, म्हणजे ठीक.

मिलिलिटरला दहा लाखांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं. दाटी झाली की एचएल-६० चं बिनसतं, काही पेशी आपणहूनच विभेदनाकडे वळतात, आणि मग व्हिटॅमिन डीने काय केलं नि दाटीने काय केलं हे वेगळं काढता येत नाही.

११ फेब्रुवारी

आज फक्त एक कुपी उघडायची होती, त्यात अख्खी दुपार गेली. पण ती दुपार लिहून ठेवण्यासारखी आहे.

कुपीत कॅल्सिट्रिऑल १० मायक्रोग्रॅम. डोळ्यांना दिसत नाही, काचेच्या तळाशी पुसटशी पांढरी छटा, तीही असेल किंवा भास असेल. रेणुभार ४१६.६. म्हणजे २४ नॅनोमोल. त्यात २४० मायक्रोलिटर इथेनॉल घातलं की १०० मायक्रोमोलरचा साठा होतो. त्यातला १० मायक्रोलिटर १० मिलिलिटर कल्चरमध्ये टाकला की १०० नॅनोमोलर आणि इथेनॉल ०.१ टक्का. कंट्रोलच्या फ्लास्कमध्येही तेवढंच नुसतं इथेनॉल. नाहीतर परिणाम दारूचा की डीचा, हा प्रश्न तोंडी परीक्षेत नक्की येणार.

हा रेणू उजेडात टिकत नाही. ट्यूबलाइट बंद केली, खिडकीला काळा कागद लावला, टेबल लॅम्पवर पिवळा कागद गुंडाळला. छोट्या तपकिरी नळ्यांत वीस-वीस मायक्रोलिटर वाटून प्रत्येकीला फॉइल. मामा दार उघडून आत डोकावले. "काय ओ, फोटो धुवायलाय का?"

जोडीदारीण म्हणाली, एवढा खटाटोप कशाला, मेडिकलमधून ६०,००० युनिटचं पाकीट आणू, वीस-तीस रुपयांचं काम. तिला वहीत आकृती काढून दाखवली. पाकिटातलं असतं ते कोलेकॅल्सिफेरॉल. ते यकृतात जाऊन २५व्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल घेतं, मग मूत्रपिंडात पहिल्या कार्बनवर दुसरं. तेव्हा कुठे कॅल्सिट्रिऑल होतं. आमच्या फ्लास्कला ना यकृत ना मूत्रपिंड. तिने आकृती बघितली आणि म्हणाली, "म्हणजे कच्चा माल." हो, कच्चा माल.

१८ ते २२ फेब्रुवारी

पहिली फेरी. नमुने ० तास, ४ तास, २४ तास, ७२ तास. ९६ तासांचा नमुना फक्त रंगकामासाठी.

२४ तास: डोळ्यांना काहीच फरक नाही. मोजणीतही नाही, ट्रीटेड (डी दिलेल्या) पेशी कंट्रोलइतक्याच वाढलेल्या. मी घाबरले, औषध खराब झालं वाटतं. मॅडम म्हणाल्या, थांब. या पेशी लगेच थांबत नाहीत, आधी एक-दोनदा विभागून घेतात.

७२ तास: फ्लास्क तिरका केला तर सगळ्या पेशी माध्यमाबरोबर वाहिल्या नाहीत. काही तळाला धरून राहिल्या. जन्मभर तरंगणाऱ्या पेशी आता पाय रोवायला लागल्या होत्या.

९६ तास, एनबीटी चाचणी: पेशींना एनबीटी नावाचं पिवळं रंगद्रव्य द्यायचं, टीपीए नावाच्या रसायनाने डिवचायचं, अर्धा तास ३७ अंशांवर ठेवायचं. ज्या पेशीला जंतू मारण्यासाठी सुपरऑक्साइड तयार करता येतं तिच्या पोटात गडद निळे-काळे ठिपके साठतात. कच्च्या पेशीला ते जमत नाही. २०० पेशी मोजल्या: कंट्रोलमध्ये ११ निळ्या, ट्रीटेडमध्ये १३४.

जोडीदारिणीने तीच स्लाइड मोजली, तिला ११२ आल्या. पुसट ठिपका धरायचा की सोडायचा, यावर आमचं वाजलं. शेवटी मामांना सांगून सगळ्या स्लाइडच्या लेबलांवर कागद चिकटवला आणि दोघींनी कोणती कुठली हे न कळता पुन्हा मोजल्या. मला १२१, तिला ११८. म्हणजे पहिल्या वेळी माझ्या डोळ्यांनी मला हवं तेच पाहिलं होतं. वहीत १३४ खोडलेलं नाही, तसंच ठेवलंय.

गिम्सा रंग दिलेल्या स्लाइडवर एक पेशी सापडली, केंद्रक घेवड्याच्या दाण्यासारखं आत वळलेलं, भोवती करडी-निळी मोकळी जागा. पुस्तकातला मोनोसाइट, म्हणजे पूर्ण वाढलेली एक पांढरी रक्तपेशी. तिच्या शेजारी गोल, केंद्रकाने ठासून भरलेली, जुन्या वळणाची एक. दोन्ही एकाच फ्लास्कमधल्या, दोघींनी तेवढेच ९६ तास तेच औषध प्यायलेलं. ही का वळली आणि ती का नाही, याचं उत्तर माझ्या पाच जनुकांत नाही. आम्ही फ्लास्कभर पेशी एकत्र दळणार आणि सरासरी काढणार.

३ मार्च

पेशींतून आरएनए काढला, म्हणजे चालू असलेल्या जनुकांच्या नकला. गुलाबी थर खाली, पारदर्शक वर, मध्ये पांढरी साय. वरचा थर ओढताना सायीला टोक लागलं की संपलं. एका नमुन्यात लागलं. तो पुन्हा केला.

शुद्धता सांगणारं २६०/२८० चं गुणोत्तर १.९ ते २.०. बरं आहे.

कोणत्या जनुकाचा आरएनए किती हे मोजणारं क्यूपीसीआरचं मशीन आमच्याकडे नाही. दुसऱ्या एका संस्थेत आठवड्यातून एक दिवस मिळतं. बर्फाचा डबा घेऊन रिक्षाने जायचं, सात रस्त्याच्या सिग्नलला बर्फ वितळतोय का बघत बसायचं.

१० मार्च

निकाल आले. आनंद झाला, मग ओरडा खाल्ला, मग समजलं. त्याच क्रमाने लिहिते.

मशीन प्रत्येक नमुन्याला सीटी नावाचा आकडा देतं. मशीन प्रती काढत जातं (इथे फेरी म्हणजे मशीनची, प्रयोगाची नव्हे), त्यातल्या कितव्या फेरीत त्या जनुकाची खूण दिसली, तो आकडा. प्रत्येक फेरीत माल दुप्पट होतो. म्हणून सीटी जितका लहान तितका माल जास्त, आणि एका फेरीचा फरक म्हणजे दुपटीचा फरक. तुलनेसाठी घेतलेलं आरपीएलपी० हे जनुक सगळ्या नमुन्यांत १८ च्या आसपास स्थिर.

पाचांतलं पहिलं जनुक, सीवायपी२४ए१: कंट्रोलच्या तीन वेल्सपैकी (प्लेटवरच्या खळग्यांपैकी) दोनमध्ये ४० फेऱ्यांनंतरही काहीच नाही, तिसऱ्यात ३८.६. ट्रीटेड, ४ तास: २७.१. २४ तास: २४.३.

मी कंट्रोल ४० धरला. ४० वजा २४.३, म्हणजे १५.७ फेऱ्या. दोनाचा १५.७ वा घात, ५३ हजार पट! तक्त्यात सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहिलं आणि मॅडमना दाखवायला धावले.

मॅडमनी विचारलं, "कशाच्या ५३ हजार पट?"

"कंट्रोलच्या."

"कंट्रोलमध्ये किती होतं?"

"नव्हतंच."

"मग नव्हत्याच्या पट कशी काढलीस?"

त्यांनी मला तिथेच बसवून तीच आकडेमोड तीनदा करायला लावली. कंट्रोल ४० धरला तर ५३ हजार. त्या एकट्या वेलचा ३८.६ धरला तर २० हजार. मशीनचा भरवसा ३५-३६ फेऱ्यांपुढे नाही म्हणून ३६ धरला तर ३,३००. नमुना तोच, आरएनए तोच, दिवस तोच. फरक एवढाच की रिकाम्या जागी मी कोणता आकडा टाकला.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली, जी मला वाचूनही सुचली नव्हती: हे जनुक करतं काय? सीवायपी२४ए१ चं एन्झाइम कॅल्सिट्रिऑलच्याच २४व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल चढवतं आणि त्याला मोडीत काढायच्या वाटेला लावतं. म्हणजे सगळ्यात जोरात वर गेलेलं जनुक हे पेशीला मोठं करणारं नाहीच. ते पाहुण्याला दाराबाहेर काढणारं आहे. व्हिटॅमिन डी पोचलं आणि त्याला पकडणारं पेशीतलं प्रथिन, रिसेप्टर, जागा झाला, एवढीच त्याची साक्ष.

बाकीचे चार आज नुसते टिपते. सीडी१४ (मोनोसाइटची खूण): ३१.८ वरून ७२ तासांना २४.६, म्हणजे १४७ पट. इथे कंट्रोलचा आकडा खरा आहे. कॅथेलिसिडिन (जंतू मारणारं प्रथिन), म्हणजे सीएएमपी: २४ तासांना ८ फेऱ्यांचा फरक. पी२१: ४ तासांना तिप्पट, पुढे उतरता. सी-मिक: २४ तासांना एक चतुर्थांश.

११ मार्च

रात्री झोप नाही. डोक्यात एकच: मी तक्ता आकड्याच्या आकारानुसार लावला होता. मोठा वर, लहान खाली. त्यामुळे पी२१ आणि मिक तळाला गेले.

पण एचएल-६० मध्ये खरी मेख मिकमध्येच आहे. या पेशींच्या डीएनएत मिक जनुकाच्या दोन नव्हे, कितीतरी प्रती झालेल्या आहेत, आणि मिक म्हणजे ‘वाढत राहा’ हा हुकूम. इतक्या प्रती असताना त्याचा आरएनए चौथ्या हिश्शावर येणं ही छोटी गोष्ट नाही. पी२१ विभागणीचा ब्रेक. एरवी हा ब्रेक पी५३ नावाचं प्रथिन दाबतं, पण एचएल-६० मध्ये पी५३ उरलेलंच नाही. म्हणजे कुणीतरी दुसऱ्याने दाबला. १९९६ साली यू९३७ या दुसऱ्या ल्युकेमिया पेशींवर दाखवलं गेलं की व्हिटॅमिन डीचा रिसेप्टर पी२१ च्या जनुकासमोरच्या डीएनएवर स्वतः जाऊन बसतो. आमची तिप्पट त्याच्याशी जुळते. सिद्ध करत नाही, जुळते.

तिप्पट आणि चतुर्थांश. ५३ हजारांपुढे लाजिरवाणे दिसणारे आकडे.

१६ मार्च

रविवार असल्यासारखा दिवस. आप्पांना प्रकल्प समजावला. आप्पांनी तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जॅकार्डचा माग चालवला. त्यांना म्हटलं, पेशीतला डीएनए म्हणजे ताण्याचे उभे धागे, सगळ्या पेशींत तेच. कोणता धागा कधी उचलायचा हे भोकं पाडलेल्या कार्डावर. कार्ड बदललं की त्याच धाग्यांतून मोराच्या जागी कमळ. व्हिटॅमिन डीचा रिसेप्टर आरएक्सआर नावाचा जोडीदार घेऊन डीएनएवर ठरावीक जागी बसतो, सहा अक्षरं, मग तीन मोकळी, मग पुन्हा तशीच सहा. ती जागा म्हणजे कार्डाचं भोक.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण बाळ, कार्ड बदलायला माग थांबवावा लागतो. तुझी पेशी थांबते का आधी?"

नाही थांबत. २४ तासांपर्यंत ती विभागत असते आणि सीडी१४ चढायला लागलेलं असतं. चालत्या मागावर कार्ड बदलल्यासारखं. आप्पा म्हणाले, "मग पहिली चादर बिघडणार." अहवालात हा दाखला घालणार होते, आता घालत नाही. पण त्यांच्या प्रश्नामुळे पुढच्या फेरीत १२ आणि ४८ तासांचे नमुने वाढवले.

२४ मार्च

सार्वजनिक साठ्यातून, जीईओमधून, अशाच प्रयोगाची मायक्रोॲरेची (हजारो जनुकं एकदम मोजण्याची) माहिती उतरवली, आपली पाच जनुकं हजारोंच्या गर्दीत कुठे बसतात ते बघायला. फाइल एक्सेलमध्ये उघडली. जनुकांच्या रकान्यात मध्येच एक तारीख: १-मार्च. खाली आणखी एक १-मार्च. मग २-सप्टेंबर.

मला वाटलं कुणीतरी मस्करी केलीय. मॅडम हसल्या. जुन्या नावांत मार्च१ नावाचं एक जनुक होतं आणि मार्क१ नावाचं दुसरंच एक, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. एक्सेल दोन्हींना तारीख समजतं आणि दोन्हींची एकच तारीख करतं. परत ओळखायचा मार्ग नाही. सेप्ट२ चं तेच. २०१६ मध्ये कुणीतरी तपासलं तर एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्शात असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल तोवर बदललं नाही म्हणून माणसाच्या जनुकाचं नाव बदललं.

फाइल पुन्हा उतरवली, आर नावाच्या संगणकभाषेत उघडली, एक्सेलला हात लावला नाही.

२ एप्रिल

मागच्या प्लेटवर तुलनेसाठी जीएपीडीएच हे जनुकही लावलं होतं, कारण सगळे तेच वापरतात. आज हिशेब केला. कंट्रोल ते ७२ तास, जीएपीडीएच स्वतःच १.१ फेरीने सरकलंय. त्याच्याशी तुलना केली तर सीडी१४ चे १४७ पट उतरून ६९ होतात. मोजपट्टीच ताणली जात असेल तर कापड किती वार, कसं सांगणार? जीएपीडीएच साखरेच्या ज्वलनातलं एन्झाइम. पेशी आपला सगळा कारभारच बदलत असताना ते जागचं हलणार नाही, असं धरणंच चूक होतं.

आता आरपीएलपी० आणि आणखी एक, दोघांची सरासरी. जीएपीडीएचचा आलेख परिशिष्टात, लपवायचा नाही.

१७ एप्रिल

दुसरी फेरी मेली.

दुपारी दोनला लाइट गेली, साडेपाचला आली. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर आहे, एसी नाही. इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. बाहेरची हवा ३७ च्या बरीच खाली असेल तरच तो ३७ वर राहतो. खोली ४१ ला गेली. आतला पंखा आणि मोटार स्वतःची ऊब सोडतच होते. मी आले तेव्हा पडद्यावर ४२.३ आणि लाल दिवा. हा इन्क्युबेटर बनवणाऱ्यांनी सोलापूरचा एप्रिल पाहिलेला नाही.

पेशी मेल्या नव्हत्या, हीच पंचाईत. ८१ टक्के जिवंत. जोडीदारीण म्हणाली, चालवू, कुणाला कळणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तापाने पेशी उष्माघाताची जनुकं वर काढतात, बाकी कितीतरी आरएनएचं उत्पादन आखडतात. मग सी-मिक खाली आलं तर ते डीमुळे की लाइटमुळे?

मॅडम फोनवर दोनच शब्द बोलल्या: "टाकून दे." ब्लीच ओतलं. गुलाबी माध्यम बघता बघता पांढरट झालं. नव्वद तासांचं काम.

मामांनी कुठूनतरी वाळ्याचे पडदे आणून खिडकीला लावले, दुपारी दर तासाला पाणी मारतात. पाणी पाच दिवसांनी येतं, तरी मारतात.

२५ एप्रिल

आत्याचा फोन. तिचं व्हिटॅमिन डी १४ आलंय, डॉक्टरांनी आठवड्याला एक पाकीट दिलंय. तिला कुणीतरी माझ्या प्रकल्पाबद्दल सांगितलं. "म्हणजे याने ब्लड कॅन्सर बरा होतो म्हणायचं?"

नाही, आत्या. तिला हिशेब सांगितला तसा इथेही लिहिते, कारण हाही ‘कशाच्या पट’चाच प्रश्न आहे. माणसाच्या रक्तात सक्रिय कॅल्सिट्रिऑल मिलिलिटरला साधारण ४० पिकोग्रॅम असतं. आमच्या फ्लास्कमधले १०० नॅनोमोलर म्हणजे मिलिलिटरला ४१,६६० पिकोग्रॅम. हजार पट. फ्लास्कला हाडं नाहीत, आतडी नाहीत, म्हणून तो सोसतो. माणसात त्याच्या कितीतरी कमी मात्रेलाच रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडं आणि हृदय अडचणीत येतात. दवाखान्यात ही कल्पना अडून राहिली ती इथेच. वर सीवायपी२४ए१ आहेच, दिलेलं मोडून टाकायला.

विभेदनाने बरं होणं मुळात शक्य आहे, हे मात्र दुसऱ्या व्हिटॅमिनने दाखवलं. व्हिटॅमिन एपासून बनणारं रेटिनॉइक ॲसिड, ल्युकेमियाच्या एका विशिष्ट प्रकारात. १९८८ साली शांघायच्या डॉक्टरांनी त्याचे निकाल प्रसिद्ध केले. भैय्या चौकातून जाताना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक लागतं. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली चीनला गेला, त्याला तेव्हा बरोबर पन्नास वर्षं झाली होती. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी मला तिथून जाताना आठवतं.

आत्याला शेवटी एवढंच म्हटलं, पाकीट डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच घे, हाडांसाठी घे, स्वतःच्या मनाने वाढवू नकोस.

१२ मे

तिसरी फेरी पार पडली. पहाटे चारला सुरुवात केली, म्हणजे ४ आणि १२ तासांचे नमुने उन्हाच्या आत-बाहेर निघाले. दुपारी बारा ते पाच दोघींपैकी एक कायम इन्क्युबेटरपाशी.

१२ तासांना सीडी१४ हललंय, थोडंच. मिक तेव्हाच निम्म्यावर. म्हणजे आमच्या हातात तरी मिक आधी उतरतं आणि सीडी१४ नंतर जोर धरतं. फेऱ्या दोनच, त्यामुळे ‘आमच्या हातात तरी’ हे शब्द अहवालातही तसेच ठेवले. पी२१ पुन्हा ४ तासांना तिप्पटीच्या जवळ. ४८ तासांच्या एका नमुन्यात आरएनए खराब, तो बिंदू आलेखात रिकामा.

१९ मे

तक्ता नव्याने लावला. आकाराने नाही, वेळेने. पहिल्या ओळीत ४ तास, शेवटच्या ओळीत ७२. सीवायपी२४ए१ च्या रकान्यात पटच नाही. तिथे लिहिलं: ‘कंट्रोलमध्ये आढळले नाही, ट्रीटेडमध्ये ४ तासांपासून स्पष्ट.’ मॅडमनी वाचलं, काही बोलल्या नाहीत, पुढचं पान उलटलं. त्यांच्याकडून ही शाबासकी समजायची.

बाइंडिंगवाल्याने मुखपृष्ठावर ‘एचएल-६०’ चं ‘एलएच-६०’ केलं होतं. परत.

२३ मे

उरलेल्या पेशी सहा व्हायलमध्ये गोठवल्या, ९० टक्के सिरम, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी जपणारं द्रव). पुढच्या वर्षी जो कुणी घेईल त्याच्यासाठी डब्याच्या झाकणावर चिठ्ठी लावली:

‘वितळल्या वितळल्या धुऊन घे, डीएमएसओ राहू देऊ नको. सव्वा टक्का डीएमएसओ पुरतो एचएल-६० ला ग्रॅन्युलोसाइटच्या, म्हणजे दुसऱ्याच पांढऱ्या रक्तपेशीच्या, वाटेला लावायला. आणि एप्रिलनंतर फेरी लावू नको. लावलीस तर मामांना आधी सांग, वाळ्याचे पडदे त्यांच्या कपाटात आहेत.’